शेवटचा हात कुणाचा

"पोरी, यंत्र उघडण्याआधी माणसाला विचार, शेवटचा हात कुणाचा लागला. आणि जे सांगतील त्यावर रागावू नकोस. खोटं सांगितलं तरी."

आप्पांचं, माझ्या वडिलांचं, हे सांगणं मी एकतीस वर्षं पाळत आले होते. आप्पा रेडिओ दुरुस्त करायचे, मी कॉम्प्युटर करते. पण बिघडलेल्या यंत्राशेजारी उभं राहिलेलं माणूस दोन्हीकडे सारखंच असतं. आणि नेमका त्या दिवशी, सुतारकाकांच्या मागच्या खोलीत, मी कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढून, चष्मा चढवून, आत डोकं घालून बसले होते आणि हा पहिला प्रश्नच विचारायचा राहिला होता. राहिला म्हणजे विचारता येत नव्हता. सव्वानऊ वाजले होते, आणि दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही.

हा माझा रोजचा नेम. उठल्यापासून दहापर्यंत मौन. देवाचं नाव मनातल्या मनात, हात कामाला मोकळे. जुन्या गिऱ्हाइकांना हे माहीत आहे. नव्यांसाठी पिशवीत एक पुठ्ठा ठेवलेला असतो: 'दहापर्यंत मौन आहे. काम चालू राहील.' एरवी मी दहाच्या आत कुणाकडे जातच नाही. पण आदल्या दिवशी काकांच्या सुनेचा फोन आला. अकरा वाजता शाळेतल्या बाई विचारणार होत्या, पुस्तक मिळणार आहे की नाही. तेव्हा ताई, जमलं तर जरा लवकर या.

दारातच मी सुनेच्या हातात पुठ्ठा दिला. तिनं तो वाचला, मागे काही लिहिलंय का ते उलटून पाहिलं, आणि आत हाक मारली, "बाबा, आज तुमची चैन आहे. तुम्ही बोलायचं आणि ह्या मधे काही बोलणार नाहीत. अशी माणसं शोधून सापडत नाहीत."

"तू शीक जरा त्यांच्याकडून," आतून आवाज आला.

"मी शिकले तर ह्या घरात बोलायचं कुणी?"

पुढच्या खोलीत काकांचा कारखाना. फळ्या भिंतीला टेकवलेल्या, जमिनीवर भुश्याचा थर, आणि हवेत ताज्या लाकडाचा वास. मागच्या खोलीत गेलं की सगळं एकदम गप्प. खिडकीवर जाड रजई खिळ्यांनी ठोकलेली. दाराला आतून दुसरी रजई. टेबल काकांनी स्वतः केलेलं, त्याच्या कडा इतक्या घासलेल्या की हात फिरवत राहावंसं वाटे. टेबलावर मायक्रोफोन, त्यावर एक लोकरी मोजा चढवलेला. आणि खाली तो जुना कॉम्प्युटर, पांढऱ्याचा पिवळा झालेला.

मी बटण दाबलं. पंखा फिरला, कीबोर्डवरचा दिवा लागला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. पहिली डिस्क: नाही. दुसरी डिस्क: नाही. मशीन ठणठणीत जागं होतं. फक्त आपल्या पोटात काय ठेवलंय ते त्याला ओळखता येत नव्हतं.

"अकरा दिवस झाले," काका म्हणाले. ते माझ्या मागे, स्टुलाच्या कडेवर बसले होते. सत्तरीचे, अंगानं शिडशिडीत, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नसलेले. "दुकानात नेत होतो. दुकानदार म्हणाला ठेवून जा, आठ दिवसांनी या. असं कसं ठेवून येणार? त्यात ती आहे."

मी मान वळवून पाहिलं. न बोलणाऱ्या माणसाला लोक जास्त सांगतात. एरवी मला ते बरं वाटतं.

त्यांनी सांगितलं ते असं. काकू अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचायच्या. शाळेनं पुस्तक धाडायचं, काकूंनी ह्या खोलीत बसून मोठ्यानं वाचायचं, ते ह्या मशीनमध्ये साठवायचं आणि शाळेला द्यायचं. अकरा वर्षं. गोष्टी, इतिहास, विज्ञान. शेवटचं पुस्तक झाडांचं, चांगलं वीतभर जाड. ते वाचून पूर्ण झालं आणि दोन महिन्यांत काकू गेल्या. त्याला आता सव्वा वर्ष झालं. आधीची पुस्तकं शाळेकडे होती. हे एकच कुठंच नव्हतं, ह्या पेटीशिवाय.

"शाळेतल्या बाई तीनदा विचारून झाल्या," सून दारात येऊन म्हणाली. ओले कपडे तिच्या खांद्यावर होते. "त्या स्वतः डोळ्यांनी अधू, पण फोनवर इतक्या गोड बोलतात, मलाच लाज वाटते. सोमवारी नवं वर्ष सुरू होतंय त्यांचं. आणि बाबा आपले, आज देतो, उद्या देतो. सव्वा वर्ष! आता मशीननंच हात वर केले. ताई, गेलं असेल तर गेलं म्हणून सांगा एकदाचं. ही पेटी काढली की इथं कपाट बसेल."

"कपाट मी करीन तेव्हा बसेल," काका म्हणाले.

"तेच म्हणते मी. दुसऱ्यांच्या घरी कपाटं, आमच्या घरी रजया."

ती गेली. मी केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा नीट बसवली. बटण. नाही, नाही. विजेच्या वायरी बदलून पाहिल्या. नाही, नाही. मुख्य बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली होती. मशीनच्या लेखी वीस वर्षांपूर्वीची एक जानेवारी चालू होती. नवी बॅटरी घातली, तारीख घातली. तारीख त्यानं घेतली. डिस्क नाहीच.

पेटीच्या आत दोन हार्ड डिस्क होत्या, एकाच पट्टीसारख्या केबलवर, एकीखाली एक. एकाच बनावटीच्या, एकाच आकाराच्या. आतलं सगळं स्वच्छ होतं. काकांनी मी यायच्या आधी मऊ ब्रशनं धूळ काढून ठेवली होती. सुतार माणूस, मळकं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. पण धूळ असती तर मला बरंच काही सांगून गेली असती.

मी माझ्या मनाशी हिशेब मांडला. दोन डिस्क एकाच वेळी मरत नाहीत. म्हणजे बिघाड दोघींच्या सामाईक वाटेत असणार: केबल, नाहीतर बोर्ड. पिशवीतून माझी केबल काढून लावली. नाही, नाही. मग उरला बोर्ड. बोर्ड जळताना कधीकधी डिस्कही सोबत घेऊन जातो. मी तीन वेळा तसं पाहिलेलं आहे.

मागे काकांनी स्टूल जरा सरकवलं. माझ्या पाठीवरून त्यांना कळलं असावं.

मला आप्पा आठवले. आप्पांची वाचा शेवटच्या सात महिन्यांत गेली. ऐकू यायचं, कळायचं सगळं. शब्द तेवढा येत नसे. सकाळी अंथरुणात बसून ते माझ्याकडे बघत, ओठ हलवत, आणि मी आपली इकडचं तिकडचं बोलत सुटे, त्यांना करमावं म्हणून. एक दिवस त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला उमगलं की एकानं बोलत राहणं म्हणजे दुसऱ्याला त्याची मुकी बाजू दाखवत राहणं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना अंघोळ घालणारा मदतनीस दहाला येईपर्यंत मीही बोलायची नाही. आम्ही दोघं गप्प बसायचो. खिडकीतून ऊन आत यायचं, टेबलावरून जमिनीवर उतरायचं. ते गेले, आणि ते दहा माझ्याकडे राहिले. आधी सवय म्हणून, मग देवापुढे नेम म्हणून. आप्पांचा आवाज माझ्याकडे कशातच साठवलेला नाही. घरात पंधरा रेडिओ होते, टेपरेकॉर्डर होते. सुचलंच नाही कुणाला. आहे ते एवढंच, कानात राहिलेलं वाक्य: माणसाला विचार.

आणि मी माणसाला विचारलं नव्हतं.

निदान डिस्क बाहेर काढून वास तरी घेऊन पाहावा, जळली असेल तर कळेल, म्हणून मी खालच्या डिस्कचे स्क्रू काढायला स्क्रूड्रायव्हर लावला. तो बसेना. माझ्या हातात फुलीचा होता आणि हे स्क्रू एका खाचेचे होते. मी दिवा जवळ घेतला.

चार पितळी स्क्रू. चौघांच्या खाचा एका रेषेत, सरळ उभ्या. जणू कुणी पट्टी लावून फिरवल्या होत्या.

एकतीस वर्षांत मी हजारो पेट्या उघडल्या असतील. कॉम्प्युटरवाल्यानं खाचा एका रेषेत लावलेल्या एकदाही पाहिल्या नाहीत. आम्ही आवळतो आणि मोकळे होतो. मी मान वर करून समोरच्या दाराकडे पाहिलं, काकांनी केलेल्या. बिजागरीचे सहाही स्क्रू, पितळी, खाचा सरळ उभ्या.

घड्याळात दहाला सात मिनिटं कमी होती.

खरं सांगते, तेवढ्यापुरता नेम मोडावा असं मनात आलं. मग वाटलं, नेम देवासाठी आहे. पण सकाळपासून न विचारता काम करण्याची घाई माझी होती. पुठ्ठ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून विचारता आलं असतं की. मला माझ्या हाताचा भरवसा वाटला, म्हणून विचारलं नाही. सात मिनिटं ती शिक्षा समजून बसावं.

मी काकांकडे हात पुढे केला आणि बोटानं त्यांच्या वरच्या खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर दाखवला. त्यांनी तो दिला. देताना नजरेला नजर दिली नाही. मी चारही स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, आणि स्क्रू टेबलावर तिच्यासमोर ओळीनं मांडून ठेवले. बस्स. दुसरं काही केलं नाही.

काकांनी स्क्रूंकडे पाहिलं. खिडकीवरच्या रजईकडे पाहिलं.

"होतीच ती," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

मी काही विचारलं नव्हतं.

"म्हणजे, आधीपासूनच दोन होत्या. मी नुसता ब्रश मारला."

मी मान हलवली. रागावू नकोस, खोटं सांगितलं तरी. राग आलाही नव्हता. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं त्या स्क्रूंसमोर बसून होतो. बाहेर सुनेनं बादली आपटली. कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. दहाचे ठोके पुढच्या खोलीतल्या घड्याळानं दिले. तेही काकांनीच केलेलं, लाकडी.

"काका," मी म्हणाले. सकाळचा पहिला शब्द नेहमी जरा खरखरीत येतो. "स्क्रू फार सुंदर बसवलेत."

त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. त्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं.

"पन्नास वर्षं झाली ताई धंद्यात. दुसऱ्यानं केलेल्या कामाला हात लावून ते बिघडवलं, असं एकदाही झालं नाही. आणि झालं तर हे झालं."

"बिघडलंय की नाही ते अजून ठरायचंय. कधी बसवलीत?"

"अकरा दिवसांपूर्वी. जुन्या बाजारात शोधून आणली. ह्या वरचीचा नंबर कागदावर लिहून नेला होता. तस्सीच मिळेपर्यंत चार वेळा गेलो."

"कशासाठी पण?"

ते उठले. दाराची रजई नीट ओढून घेतली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"ती वाचत असायची तेव्हा मी पुढे काम करायचो. रंधा चालला, ठोकाठोक झाली की ती मधेच थांबायची. मला काहीतरी बोलायची. मग मी काहीतरी बोलायचो. ते सगळं ह्याच्यात पडलंय. दवाखान्यात मला म्हणाली, पुस्तक शाळेला देण्याआधी आपलं मधलं बोलणं तेवढं काढून टाका हो. पोरांच्या अभ्यासात आपलं घर नको. मी म्हटलं काढतो. शब्द दिला." ते थांबले. "मग काढायला बसलो. पहिलंच आलं... आणि ताई, कसं काढू? पुस्तक ती पोरांसाठी वाचत होती. मला उद्देशून तेवढंच आहे ना."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"सव्वा वर्ष गेलं त्यात. मग सुचलं, दुसरी डिस्क बसवावी, एक नक्कल करावी. एकीतून काढायचं, एक पुरी ठेवायची. तेवढ्यासाठी केलं हे. जपून ठेवायला गेलो, आणि दोन्ही हातातल्या गेल्या."

"बसवताना काय काय केलंत, सगळं सांगा. लाकडाचं काम सांगता तसं."

त्यांनी सांगितलं. वरची डिस्क आधी बाहेर काढून निरखली. भिंग लावून. मागच्या बाजूला सुयांची एक ओळ आणि त्यातल्या दोन सुयांवर एक काळी इवलीशी टोपी. नव्या डिस्कवरही टोपी होती, पण दुसऱ्या जागी. चिमट्यानं ती उचलून त्यांनी वरचीसारखी केली.

"का?"

"जोडी ना ही? जोडीत फरक राहिला तर डोळ्याला खुपतो."

मी वरचीही काढून दोन्ही डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या. टोप्या एकाच जागी, अगदी जुळ्या. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बोर्ड ठीक होता. केबल ठीक होती. सगळं ठीक होतं.

"काका, दोन झडपांचं दार करता तुम्ही. लावताना आधी कुठली झडप लावायची?"

"साधी. मग पट्टीवाली तिच्यावर येते, मधली फट झाकायला."

"दोन्ही झडपांना पट्टी मारली तर?"

"असं कोण करेल? दार लागायचंच नाही. एकमेकींवर अडून राहतील."

"ही टोपी म्हणजे ती पट्टी. एका केबलवर दोघी असल्या की एकीनं पुढे व्हायचं, दुसरीनं मागे थांबायचं. कुणी पुढे आणि कुणी मागे, ते टोपीच्या जागेवरून ठरतं. तुम्ही दोघींना पुढे केलंत. आता मशीन विचारतंय कोण आहे, तर दोघी एकदम बोलतात. त्याला एकीचंही कळत नाही."

काकांनी दोन्ही टोप्या पुन्हा निरखल्या. मग कपाळावर हात मारला, जोरात. "म्हणजे ती आली तेव्हा बरोबर होती?"

"अगदी बरोबर होती."

"मी तिला सारखी करायला गेलो!"

रजई बाजूला झाली. सून आत डोकावत होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. "म्हणजे दोघीही थोरल्या जावा झाल्या म्हणा की. मग घरात कोण आलं गेलं कुणाला दिसणार?"

"तू गं कधी आलीस?"

"पट्टी मारली तेव्हा."

मी चिमटा काकांच्या हातात दिला. "तुम्हीच हलवा."

"नको. माझा हात लागला म्हणून तर..."

"शेवटचा हात तुमचाच असू दे. मी सांगते कुठं."

साडेनऊ बोटांच्या त्या माणसाचा हात जरासुद्धा हलला नाही. नव्या डिस्कची टोपी उचलली गेली, दोन सुया सोडून खाली बसली. काकांनी दोन्ही डिस्क आत सरकवल्या, स्क्रू लावले. शेवटच्या स्क्रूची खाच सरळ आल्याशिवाय त्यांनी हात काढला नाही. मी केबल जोडली आणि बाजूला सरकले.

काळा पडदा. पांढरी अक्षरं. पहिली डिस्क, आणि तिच्यापुढे तिचा नंबर. दुसरी डिस्क, आणि तिच्यापुढे तिचा नंबर. मी मनात हात जोडले.

नक्कल सुरू करण्याआधी फायली उघडतात का पाहणं भाग होतं. मी काकांकडे पाहिलं. "एखादी लावू?"

"नको." मग म्हणाले, "लावा."

मी मधलीच एक लावली. आधी नुसती सूं-सूं. मग एक संथ, जाडसर, प्रत्येक शब्द पुरा करणारा बाईचा आवाज: "ह्या झाडाची साल करडी असते, आणि..." लांबून रंध्याचा खर्र, खर्र. "थांबते. अहो! अहो, थांबवा की जरा. हे बघा, करडी म्हणजे काय कळणार त्या पोरांना? हाताला कशी लागते ही साल?"

दुरून पुरुषाचा आवाज: "टाचेसारखी. भेगाळलेल्या."

"कुणाच्या टाचेसारखी?"

"तुझ्या."

हसू. ती हसली ते मायक्रोफोनच्या इतक्या जवळ की खोलीत वारा आल्यासारखं झालं. "बरं. हे काढून टाकायचं हं आठवणीनं. आणि सूनबाई, दार ओढून घे गं, तुझं गाणं येतंय आत. चांगलं म्हणतेस, पण येतंय." घसा खाकरला. मग पुन्हा तो संथ आवाज: "ह्या झाडाची साल भेगाळलेल्या टाचेसारखी हाताला लागते. आणि..."

मी थांबवलं.

सुनेच्या खांद्यावरचा ओला कपडा खाली घसरला होता. तिनं तो उचलला नाही. "मला कधी म्हणाल्या नाहीत," ती म्हणाली, "चांगलं म्हणते म्हणून."

"म्हणाली ना आत्ता," काका म्हणाले.

नक्कल व्हायला पाऊण तास लागणार होता. सून चहा करायला गेली. जाताना खिडकीवरची रजई, एका कोपऱ्यातून सुटली होती ती, खिळ्यावर नीट बसवून गेली. काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पेटीत वाकून वरच्या डिस्कवर लिहिलं, 'घर'. खालच्या डिस्कवर लिहिलं, 'शाळा'.

बरोबर अकराला फोन वाजला. सुनेनं तो आणून सासऱ्यांच्या हातात दिला. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"काका, सुरू झालं का मशीन?"

"झालं बाई. सोमवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो."

"खरंच? मुलं वाट बघतायत हो. काकूंच्याच आवाजात पाहिजे म्हणतात."

"मधलं आमचं बोलणं आहे थोडं. ते काढून देतो."

"अहो, असू द्या की! आधीच्या एका पुस्तकात राहिलं होतं थोडं. मुलांना इतकं आवडतं ते. रंध्याचा आवाज आला की म्हणतात, काका आले."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला नेला. सून मान हलवत होती, जोरजोरात. असू द्या, असू द्या. मी खाली पाहत होते. एक शब्द मीही बोलू शकले असते. दहा केव्हाच वाजून गेले होते. पण काकूंना दिलेला शब्द माझा नव्हता.

"नाही बाई," काका शेवटी म्हणाले. "तिनं काढा म्हटलं होतं. मी हो म्हटलं होतं."

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "बाबा, तुम्ही पण ना. त्या स्वतः मागतायत तर."

"त्या मागतायत गं. हिनं सांगितलंय." मग, जरा वेळानं, "आणि टाच आहे ना आत. ती तिनं नंतर वाचून घेतलीय. तेवढा मी राहतो."

चहा झाला. नक्कल पूर्ण झाली. मी दोन्हीकडच्या फायली उघडून, ताडून पाहिल्या. मग काकांना शेजारी बसवून शिकवलं. आवाज पडद्यावर कसा दिसतो: बोलणं म्हणजे दाट रेघा, थांबणं म्हणजे सपाट. कुठून कुठपर्यंत निवडायचं, कसं काढायचं. त्यांनी एकदाच विचारलं, "काढलेलं परत जोडता येतं?"

"ह्या डिस्कवर नाही. त्या डिस्कवर सगळं आहे."

"हं."

मी हत्यारं पिशवीत भरली. पुठ्ठा वर ठेवला. दाराशी चपला घालताना वळून पाहिलं. काका पुढच्या खोलीत आले होते. बाकावरचा रंधा त्यांनी आडवा करून कपड्यावर ठेवला, फळ्यांतून वीतभर रुंदीचा एक गुळगुळीत तुकडा निवडला आणि तो घेऊन आत गेले. कागद त्यांच्या कामाचा नव्हता; मापं ते लाकडावरच लिहीत, आणि कुठून कुठपर्यंत काढायचं हेही मापच. कानांवर हेडफोन चढवला. खुर्ची पुढे ओढली.

रजई अर्धी उघडी होती. आवाज त्यांच्या एकट्याच्या कानात होता. मला फक्त पाठ दिसत होती. एकदा खांदे हलले, हसल्यासारखे. मग हात कपाळाला गेला आणि तसाच राहिला. सून मोरीशी उभी होती, नळ बंद करून.

काकांनी पेन्सिल घेतली, फळीवर पहिली खूण केली, आणि उजवा हात माउसवर ठेवला.

मी कडी न वाजवता दार ओढून घेतलं.